‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडा पाऊस नव्हे

पालघर जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट मिळाला आणि वसईतल्या गोखिवऱ्यात ऊन पडलं, की हवामान खात्याचा अंदाज चुकला असं आपण ठरवून टाकतो. पुष्कळदा चूक वाचण्यात असते. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार’ या वाक्यातला ‘तुरळक’ पावसाचं नव्हे, जागेचं माप सांगतो. इंग्रजी बुलेटिनमध्ये तिथे ‘आयसोलेटेड’ असतं, म्हणजे २५ टक्क्यांपर्यंतच पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. जिथे पडेल तिथे तो झोडपून काढणार. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. पावसाच्या मापाचे शब्द वेगळे आहेत: ‘हेवी’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘व्हेरी हेवी’ २०४.४ पर्यंत, पुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ मात्र ६५ मिलिमीटरलाच लागू होते, आणि बातम्यांत हाच शब्द या तिन्ही पायऱ्यांना सर्रास चिकटवला जातो. हा घोळ थांबलाच पाहिजे.

पण या पायऱ्या नीट वाचल्या तरी गोखिवऱ्याची अडचण उरतेच, कारण त्या सगळ्या २४ तासांच्या आहेत. १०० मिलिमीटर पाऊस दिवसभर संततधार पडला तर तासाला चारेक मिलिमीटर होतात आणि गटारं ते पाणी ओढू शकतात. तेच दोन तासांच्या सरींत आलं तर तासाला ५०. ‘रेन’ आणि ‘शॉवर’ यांतला फरक इथे कामाचा ठरतो: पहिला थरांच्या ढगांतून रेंगाळत पडतो, दुसरा उंच वाढलेल्या ढगातून एकाएकी येतो. गोखिवऱ्याच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला रेल्वेचा भराव आणि त्यापलीकडे खाडीकडची सखल जमीन. त्यात भरती असली तर पाण्याला वाट कुठली? जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकल थांबल्या, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं.

लोकांना अलर्टचा रंग पुरेसा आहे, आकडे कशाला, असं कुणी म्हणेल. रंग सावध करतो, पण मुलांना शाळेतून कधी आणायचं, कारखान्याची पाळी कधी सोडायची, हे सांगत नाही. कुठल्या तासाला सर कोसळेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरीही कुलाबा आणि वेरावलीच्या रडारांवरून पुढच्या तीन तासांचा इशारा देता येतो, आणि भरतीची वेळ तर कितीतरी आधी छापलेली असते. महापालिकेने या दोन्ही गोष्टी एकाच संदेशात, प्रभागाच्या नावानिशी कळवाव्यात.