पाण्यात सुटणारी चित्रे

जुन्या शिवणयंत्राच्या काळ्या कुळकुळीत अंगावर सोनेरी वेलबुट्टी असते. ती कुणी कुंचल्याने रंगवलेली नसते. तिच्यावरून बोट फिरवले तर कागदाची कडही हाताला लागत नाही. पाने, फुले आणि अक्षरे जणू लोखंडातूनच उमलली आहेत असे वाटते. वस्तुतः ही नक्षी आधी कागदावर छापलेली असे. ओल्या कागदावरून ती यंत्रावर उतरवीत आणि वर रोगणाचा हात देत. कागद निघून जाई व नक्षी तेवढी मागे राही. अशा चित्राला ‘डिकॅल’ म्हणतात. ‘नक्कल उतरवून घेणे’ या अर्थाच्या एका फ्रेंच शब्दावरून हे नाव आले. अठराव्या शतकात इंग्लंडमधील कुंभार आपल्या बशांवर व पेल्यांवर छापील चित्रे याच तत्त्वाने उतरवू लागले होते. पुढे ही युक्ती सायकलींवर, वाद्यांवर आणि खेळण्यांवरही आली.

यांपैकी एका खेळण्याच्या बाबतीत डिकॅलला फार महत्त्व आले. ते खेळणे म्हणजे खाचेतून धावणारी विजेची छोटी मोटार. इंग्लंडमधील फ्रेड फ्रान्सिस हा कारखानदार १९५२ पासून ‘स्केलेक्स’ नावाच्या, स्प्रिंगच्या जोरावर पळणाऱ्या पत्र्याच्या मोटारी विकत असे. स्प्रिंगची मोटार एकदा सुटली की मुलांना काही करण्यासारखे उरत नाही. ती कोठे तरी जाऊन आदळते आणि खेळ संपतो. फ्रान्सिसने स्प्रिंग काढून तेथे विजेची छोटी मोटर बसवली, आणि १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ लोकांपुढे आणले. या खेळातील रस्त्यात लांबच लांब खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. मोटारीच्या पोटाखालचे एक लहान पाते खाचेत उतरते, आणि त्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या तांब्याच्या तारांच्या विणलेल्या झालरी पट्ट्यांवरून घासत वीज उचलतात. खेळणाऱ्याच्या हाती सुकाणू नसते. वेग कमीजास्त करणे एवढेच त्याच्या हाती असते. पण तेवढेही सोपे नाही. वळणावर लोभ आवरला नाही, तर मोटार खाचेतून उसळून थेट भिंतीवर जाते.

या मोटारी बहुधा खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढ्या असतात. कारखान्यात एका साच्यातून हजारो मोटारी निघतात व त्या सर्व सारख्याच दिसतात. खऱ्या शर्यतीतील गाडी मात्र कधीच ‘कोणती तरी’ गाडी नसते. ती अमुक साली, अमुक चालकाने, अमुक क्रमांक लावून पळवलेली गाडी असते.

फोर्ड कंपनीच्या ‘जी. टी. ४०’ या गाडीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिची उंची सुमारे ४० इंच, म्हणून हे नाव. फ्रान्समधील ल मान्स येथे दरवर्षी चोवीस तासांची शर्यत होते. १९६८ साली ती या जातीच्या एका फिकट निळ्या गाडीने जिंकली. तिच्या अंगावर नारिंगी पट्टा होता आणि पांढऱ्या वर्तुळात ९ हा आकडा होता. पेद्रो रॉद्रिगेझ व ल्युसियां बियांकी हे तिचे चालक होते. पुढच्या वर्षी नेमकी तीच गाडी पुन्हा शर्यतीत उतरली. आता तिच्यावर ६ हा आकडा होता, आणि चालक होते जॅकी इक्स व जॅकी ऑलिव्हर.

त्या काळी ल मान्सची शर्यत सुरू होताना सर्व चालक रस्त्याच्या एका कडेला उभे राहत, आणि निशाण पडताच धावत जाऊन पलीकडच्या आपापल्या गाडीत उडी घेत. घाईत पुष्कळजण सुरक्षापट्टा न बांधताच गाडी सोडीत. १९६९ साली इक्सने या रीतीचा निषेध म्हणून धावण्याचे नाकारले. तो सावकाश चालत गाडीपाशी गेला, त्याने पट्टा नीट बांधला आणि मगच गाडी हाकली. अर्थात तो सर्वांच्या मागे राहिला. त्याच शर्यतीच्या पहिल्याच फेरीत एका दुसऱ्या गाडीचा चालक अपघातात मृत्युमुखी पडला. सर्वांत शेवटी निघालेल्या इक्सच्या गाडीने चोवीस तासांनंतर ती शर्यत सुमारे १२० मीटरच्या अंतराने जिंकली. पुढच्या वर्षापासून चालक पट्टे बांधून गाडीत बसलेले असतानाच शर्यत सुरू होऊ लागली. एवढा इतिहास त्या ६ या आकड्याच्या पाठीशी आहे. तो आकडा नसेल तर खेळण्यातील मोटार केवळ एक सुंदर निळी मोटार ठरते.

प्रसिद्ध गाड्यांच्या प्रतिकृती कारखाने खुणांसह तयार करतात. पण शर्यतीत दहावी आलेली, मध्येच बंद पडलेली किंवा एखाद्या हौशी चालकाने पदरमोड करून आणलेली गाडी कोणता कारखाना बनवील? तिला गिऱ्हाईक थोडे. अशी गाडी ज्याला हवी असते, तो साधी मोटार घेतो, तिला हवा तो रंग देतो आणि तिच्या खुणांची डिकॅले स्वतः घरी छापतो. इंग्रजी ९ उलटा केला की ६ होतो हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही. आकड्याचे वळण, वर्तुळाची जागा आणि इतर लहानसहान खुणा वर्षागणिक बदलतात. कित्येकदा गाडीच्या उजव्या व डाव्या बाजूही सारख्या नसतात. म्हणून जाणकार छांदिष्ट आधी त्या विशिष्ट दिवसाची छायाचित्रे मिळवतो. १९६८ साली ग्रां प्री शर्यतींत व्यापारी जाहिरातींना वाव मिळाला आणि लोटस संघाच्या गाड्यांनी इंग्लंडचा परंपरागत हिरवा रंग सोडून एका पुरस्कर्त्या कंपनीचे लाल, पांढरे व सोनेरी रंग धारण केले. तेव्हापासून तर एकेका गाडीवर डझनावारी खुणा दिसू लागल्या.

नंतर हिशेब येतो. खऱ्या गाडीवरील वर्तुळाचा व्यास ४८ सेंटीमीटर असेल, तर ४८ ला ३२ ने भागून दीड सेंटीमीटर हा प्रतिकृतीवरील व्यास मिळतो. त्या वर्तुळातील आकडा एक सेंटीमीटरच्या आतबाहेर येतो आणि दारावरील चालकाचे नाव तर जेमतेम एका मिलिमीटरचे होते. एवढे बारीक अक्षर कुंचल्याने काढताना सराईताचाही हात कापतो. म्हणून ते काम संगणकावर आखून मुद्रकयंत्रावर छापून घ्यायचे असते.

छपाईसाठी लागणारा कागद वेगळा असतो. त्याचे तीन थर मानता येतील. तळाशी पाणी शोषणारा कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा लेप, आणि सर्वांत वर रोगणासारख्या पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा. शाई या पापुद्र्यावर बसते. कागद पाण्यात घातला की खालून पाणी शोषले जाते, डिंक सैल होतो आणि पापुद्रा चित्रासकट सुटतो. इंकजेट मुद्रकाची शाई पाण्याने पसरू शकते. म्हणून छपाई पूर्ण वाळल्यावर तिच्यावर पारदर्शक लॅकरचे दोनतीन पातळ हात फवारावे लागतात. एकच जाड हात दिला तर शाईच वाहू लागते. लेसर मुद्रकात शाईच्या जागी प्लास्टिकची रंगीत भुकटी उष्णतेने कागदावर वितळवलेली असते. ती पाण्याला दाद देत नाही. मात्र त्याचा कागद निराळा घ्यावा लागतो, कारण इंकजेटच्या कागदावरील पापुद्रा त्या उष्णतेत यंत्राच्या रुळांनाच चिकटण्याचा संभव असतो.

येथवर सर्व ठीक आहे. खरी अडचण येते ती पांढऱ्या रंगाची. घरच्या मुद्रकात निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. त्यांच्या मिश्रणातून असंख्य छटा निघतात, परंतु पांढरी मात्र निघत नाही. साध्या कागदावर जेथे पांढरे दिसते, तेथे यंत्राने काहीच छापलेले नसते. तो कागदाचाच पांढरेपणा असतो. डिकॅलचा पापुद्रा पारदर्शक असेल, तर पांढऱ्या जागी खालचा मोटारीचा रंग दिसतो. इतकेच नव्हे, इतर रंगही बिघडतात. या शाया रंगीत काचेसारख्या असतात. त्या खालचा रंग झाकत नाहीत, त्यात मिसळतात. निळ्या मोटारीवर पारदर्शक पापुद्र्यातून नारिंगी पट्टा उतरवला तर तो मळकट तपकिरी दिसतो, आणि गडद हिरव्यावर पिवळा आकडा जवळजवळ नाहीसाच होतो.

यावर छांदिष्टांनी नाना उपाय शोधले. जपानमधील आल्प्स कंपनीच्या मुद्रकात शाईऐवजी रंगीत फिती असत व त्यांत एक पांढरी फीतही मिळे. त्या यंत्रांचे उत्पादन थांबल्यावरही कित्येकांनी ती जिवापाड जपली. पांढरी भुकटी वापरणारे लेसर मुद्रकही निघाले आहेत, पण ते घरगुती खर्चाच्या आवाक्यातले नव्हेत. सर्वांना जमणारा उपाय म्हणजे पांढऱ्या पापुद्र्याचा कागद. त्यावर रंग स्वच्छ उमटतात; परंतु चित्र अगदी काठाकाठाने कापावे लागते, नाहीतर भोवती पांढरी कड राहते. वर्तुळ कापणे सोपे, अक्षरे कापणे महाकठीण. तेव्हा हुशार माणूस दोन्ही कागद वापरतो. पांढऱ्या कागदाचे नुसते वर्तुळ कापून तो आधी मोटारीवर उतरवतो. ते वाळले की पारदर्शक कागदावर छापलेला काळा ६ त्याच्यावर बसवतो. आणि नारिंगी पट्टा? तो डिकॅलने करण्याच्या भरीस न पडता, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून सरळ रंगवावा हे उत्तम. प्रत्येक काम छपाईनेच झाले पाहिजे असा हट्ट धरण्यात शहाणपणा नाही.

डिकॅल उतरवण्याचे काम दहा मिनिटांचे, पण श्वास रोखून करण्याचे. कापलेला तुकडा चिमट्यात धरून कोमट पाण्यात काही क्षण बुडवावा व बाहेर काढून ठेवावा. मिनिटाभरात बोटाच्या हलक्या स्पर्शाने तो कागदावर सरकू लागतो. मग कागद मोटारीला टेकवून पापुद्रा ओल्या कुंचल्याने तिच्यावर सरकवावा. कागदावरून पापुद्रा सोलून काढण्याचा यत्न करू नये. तो गुंडाळला गेला की पुन्हा उलगडणे कठीण. जागा नक्की झाली की टीपकागदाने मधून कडेकडे दाबत पाणी टिपून घ्यावे. मोटारीच्या दारावर खाचखळगे किंवा फुगवटा असेल तर पापुद्रा तेथे ताठ उभा राहतो. त्यासाठी त्याला मऊ करणारे द्रव मिळतात. ते लावल्यावर पापुद्रा प्रथम भयंकर सुरकुततो. सगळा डाव फसला असे वाटून नवशिका तेथे बोट लावतो, आणि तेव्हाच डाव खरोखर फसतो. हात न लावता वाळू दिले, तर त्या सुरकुत्या आपोआप ओढल्या जाऊन पापुद्रा खळग्यांत चपखल बसतो.

आणखी एक दोष नेहमी आढळतो. वाळल्यावर पारदर्शक भागाखाली चांदीसारखी पांढुरकी झाक येते. मोबाइलच्या काचेवर संरक्षक पटल लावताना आत हवा राहिली की जसा डाग दिसतो, तसाच हा प्रकार. खरखरीत रंगाच्या बारीक खड्ड्यांत पापुद्रा पोचत नाही, मध्ये हवा अडकते आणि ती प्रकाश उलट फेकते. म्हणून डिकॅल लावण्यापूर्वी मोटारीवर चकचकीत लॅकरचा हात देऊन पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत करून घेतात. लॅकर मोकळ्या हवेत फवारावे लागते, आणि ते व धारदार पात्याने कापणे ही दोन्ही कामे मुलांनी मोठ्या माणसांना जवळ घेऊनच करावयाची असतात.

कपाटात ठेवायची प्रतिकृती असती, तर काम येथे संपले असते. पण ही मोटार धावायची असते. ती वळणावर कोलमडते, शेजारच्या मोटारीला घासते, आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी घामेजलेली बोटे तिला उचलून पुन्हा खाचेत बसवतात. केसाएवढा पापुद्रा या माऱ्यापुढे टिकणे कठीण. म्हणून सर्व खुणा बसल्यावर मोटार एक दिवस वाळू देतात, आणि मग शेवटचा लॅकरचा हात सबंध अंगावर देतात. त्याने चित्राची कड बुजते आणि शिवणयंत्रावरच्या वेलबुट्टीप्रमाणे आकडा मोटारीच्या अंगचाच वाटू लागतो.

तरीही एखाद्या दिवशी दार भिंतीवर घासते आणि ६ चे पोट खरवडून निघते. अनुभवी छांदिष्ट याची सोय आधीच करून ठेवतो. छपाईच्या वेळी तो एका आकड्याऐवजी पाच आकडे छापतो आणि उरलेल्या कागदाच्या मागे मोटारीचे नाव व साल लिहून तो एका चपट्या डबीत कोरड्या जागी जपून ठेवतो.