आधी बोट शोधा

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर जुन्या घरांत एक वाक्य अजून ऐकू येतं: "आजोबा बोटीवर होते, लढाईत गेले ते आलेच नाहीत." पुढे काही नसतं. बोट कुठली, समुद्र कुठला, तारीख कोणती, कुणालाच ठाऊक नाही.

त्या वाक्याचा उरलेला भाग मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर मिळाली नाही, अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांची नावं तिथे ब्राँझच्या पत्र्यांवर आहेत. दुसऱ्या महायुद्धातली नावं नोंदवहीत आहेत. त्यात व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार आणि रॉयल इंडियन नेव्हीतले चारशेहून अधिक. याच वहीची दुसरी प्रत चितगावच्या युद्ध स्मशानभूमीत आहे.

यातले बहुतेक सैनिक नव्हते. करारावर बोटीवर चढलेली नागरी माणसं होती ती. दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा माणूस हिंदी होता. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं भव्य स्मारक आहे, पण आपल्या माणसांची नावं तिथे नाहीत, या वहीत आहेत. म्हणून तिची किंमत मोठी.

वही इंग्रजीत आहे, पण हुद्दे आपलेच: सारंग, तांडेल, कसाब, आगवाला, टोपास, भंडारी. इथे रत्नागिरीकर हमखास फसतो. 'भंडारी' पाहून त्याला जात आठवते, पण बोटीवरचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी. कसाबाचाही खाटकाशी संबंध नाही, तो सामानाच्या कोठीचा माणूस.

खरी अडचण नावाची. गावात सांगितलेलं नाव कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलं. एकच इब्राहिम चार स्पेलिंगांत सापडतो. आडनाव असेलच असं नाही, आणि शेख इब्राहिम तर किती असतील! म्हणून माझं ठाम मत आहे की नावामागे धावू नये. आधी बोट शोधावी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या खुल्या यादीत माणसासमोर जहाजाचं नाव आणि मृत्यूची तारीख असते. बोट कळली की हजारोंच्या यादीतून शोध काही डझनांवर येतो.

'गेरसप्पा' बोटीचंच पाहा. आपल्या शेजारच्या त्या धबधब्याचं नाव तिला दिलेलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीने ती बुडवली. होडीतून तेरा दिवस काढून एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला, बोटीवरचा सेकंड ऑफिसर. २०१२ आणि २०१३ मध्ये सुमारे पावणेपाच किलोमीटर खोलीवरून तिच्यातल्या चांदीच्या २,७९२ लगडी वर काढल्या. चांदीच्या एकेका लगडीची मोजदाद झाली. त्याच बोटीवरच्या हिंदी खलाशांची नातवंडं आज कुठे आहेत, हा प्रश्न तितक्याच चिकाटीने कुणीतरी विचारायला हवा होता.

बोट कळल्यावर पुढची दारं उघडतात. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांच्या रोजवह्या आणि खलाशांचे करार ठेवले आहेत. बुडालेल्या बोटीवरचा प्रत्येक जण मेलाच असंही नाही. काही जर्मनांच्या हाती लागले. ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड छावणीत हिंदी खलाशीही होते. पकडलेल्या व्यापारी खलाशांची कागदपत्रंही क्यूलाच आहेत. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची आणि स्थानबद्ध नागरिकांची कार्डं रेडक्रॉसने जिनिव्हात जपली, ती आता घरबसल्या पाहता येतात. माणूस गोव्याचा असेल तर मुंबईतल्या त्याच्या गावच्या कुडीतही, म्हणजे गावकऱ्यांच्या क्लबातही, विचारावं. तारवटी, म्हणजे गोव्याचे खलाशी, दोन सफरींच्या मधे तिथेच उतरत.

घरात जुनी ट्रंक असेल तर ती आजच उघडा. फोटोच्या मागे, पत्रावरच्या शिक्क्यात, आजीच्या तोंडी एखाद्या बोटीचं नाव असेल. बरोबर-चूक न पाहता ते लिहून घ्या. आणि हे विचारायला आजी असेपर्यंतच जा.