खाड्याची वही

२६ जूनला आता महाविद्यालयात दोन समारंभ एकाच सभागृहात उरकतात. सकाळी राजर्षी शाहू महाराजांच्या तसबिरीला हार आणि दुपारी अमली पदार्थविरोधी शपथ. मधल्या वेळात फक्त फलक बदलतो. यंदा शपथ द्यायला आलेल्या पाहुण्यांनी ओघात फीमाफीचाही गौरव केला. वर्ष उलटूनही ज्यांची शिष्यवृत्ती खात्यात पडलेली नाही, ती मुलं मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या मला झोंबल्या.

जुना इतिहास लांबवत नाही. शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ईबीसी फीसवलत आली. पुढची वीसेक वर्षं फीबद्दल भांडावं असं फारसं काही नव्हतं.

भांडण सुरू झालं १९८३ मध्ये. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आपली पोरं कर्नाटकात जाऊन पैसे ओतण्यापेक्षा इथेच शिकू देत, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण पाठोपाठ शिक्षणमहर्षींचं पीक आलं आणि ‘डोनेशन किती?’ हा प्रश्न लग्नाच्या बोलणीइतका सरावाचा झाला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा आला, तेव्हा पैसे घेणं थांबलं नाही, पावती थांबली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन निकालाने फ्री सीट आणि पेमेंट सीट असे दोन भाव एका बाकावर बसवले, २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती व्यवस्था मोडली. त्या काळात डोनेशनविरुद्ध लिहिलं की आम्हाला ‘प्रगतीचे शत्रू’ म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी काही पुढे संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर दिसले. असो.

डोनेशनबरोबरच, ऐंशीच्या दशकात, गर्द म्हणजे ब्राउन शुगर आली. चांदीचा कागद, खाली काडी आणि वर ओढायची नळी. मुंबईच्या फुटपाथवरचं हे प्रकरण पुण्याच्या होस्टेलांत कधी शिरलं, कळलंच नाही. अनिल अवचटांनी लिहिलं तेव्हा लोक हादरले. ते वाचून पु. लं.नी लाखाची देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. आमच्या प्राचार्यांचं मात्र तेव्हा एकच पालुपद होतं: ‘आपल्याकडे असलं काही नाही.’

असलं काही आहे, हे आमच्या होस्टेलच्या रेक्टरांना ठाऊक होतं, आणि तेही मेसच्या खाड्याच्या वहीवरून. ज्याचे खाडे वाढले, त्याच्या खोलीवर ते रात्री जायचे. कारणं बहुधा दोनच निघत. एक तर घरून मनिऑर्डर आलेली नसे आणि पोरगं एकवेळ जेवून पैसे वाचवत असे, नाही तर गर्दने भूक मारलेली असे. पहिल्याला ते ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयाचं काम लावून देत. दुसऱ्याच्या वडिलांना बोलावून घेत आणि स्वतः रिक्षात बसून येरवड्याला सोबत जात. सगळेच सुधारले नाहीत. गर्द तुटल्यावरच्या टर्कीत ओरडणारा एक जण मला अजून आठवतो, तो पळून गेला तो परत आलाच नाही. पण कुणी गळाला तर निदान कुणाच्या तरी लक्षात येत होतं. शिक्षण स्वस्त ठेवणं आणि पोरगं जपणं ही दोन कामं त्या वहीत वेगळी नव्हती.

आज ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. जुलै २०२४ चा हा निर्णय चांगलाच आहे, कुरकुर करणार नाही. पण खोलीभाडं आणि डबा त्यात येत नाही आणि महागाई तिथेच आहे. मुलं वाघोलीत, कोथरूडमध्ये फ्लॅट वाटून राहतात. कोण जेवलं, कोण नाही, याची नोंद कुणाकडेच नसते. गर्दची जागा एमडीने, म्हणजे मेफेड्रोनने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून एमडीचा प्रचंड साठा धरला. महाविद्यालयाला मुलगा दिसतो तो हजेरी ७५ टक्क्यांखाली घसरल्यावर, तोही परीक्षेचा फॉर्म अडवण्यापुरता.

व्यसनविरोधी समिती आहे की! तिचा समन्वयक तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक आहे. दोन महाविद्यालयांत तास घेऊन तो घर चालवतो. रात्री कुणाच्या खोलीवर जाण्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. जे मिळतात, त्या मानधनाचं बिल गेल्या दिवाळीपासून अडकलं आहे.