‘इतर’ नावाचं खोकं

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. वहिनींनी पार्ल्याची जागा सोडून लेकाजवळच्या लहान जागेत जायचं ठरवलं आणि घरातल्या एकेका वस्तूची वाटणी सुरू झाली. भांडी गेली, पुस्तकं गेली, झोपाळासुद्धा गेला. राहिलं ते दिवाणखान्यातलं एक कपाट. त्यात दादाच्या सव्वातीनशे एल.पी. तबकड्या, कॅसेटी आणि थोड्याफार सीडी.

‘‘भाऊजी, यातलं मला काही कळत नाही. तुम्हीच काय ते बघा,’’ वहिनी म्हणाल्या.

मला तरी कुठे कळत होतं? पण सख्ख्या भावाचा पसारा, नाही कसं म्हणणार?

एका ग्रंथालयाने संग्रह घ्यायची तयारी दाखवली. अट एकच, की यादी करून द्यायची. त्यासाठी त्यांनी छापील तक्ताही पाठवला. कलाकार, शीर्षक, साल आणि शेवटचा रकाना ‘संगीतप्रकार’. खाली बारीक अक्षरात सूचना होती : ‘प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रकार लिहावा.’ मी शाळामास्तर. हजेरीपट भरण्यात जन्म गेला. रिकामा रकाना दिसला की माझे हात शिवशिवतात. वाण्याकडून तीन रिकामी खोकी आणली आणि त्यांच्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : जॅझ, रॉक, इतर.

वरच्या चार कप्प्यांतल्या तबकड्या मी काढल्या आणि आधी आडनावांप्रमाणे लावून घेतल्या. तळच्या कप्प्यासमोर वहिनींचं शिवणाचं मशीन होतं, म्हणून तो तेवढा राहिला. लुई आर्मस्ट्राँग जॅझमध्ये, बीटल्स रॉकमध्ये. दोन दिवस काम झपाट्याने झालं. तिसऱ्या दिवशी गाडी अडली ती गिटारवाल्यांपाशी. आणि दादाचा निम्मा संग्रह गिटारवाल्यांचा.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आमच्या घरात हार्मोनियम आणि तबला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, संध्याकाळी दोन-चार मुलांना गाणं शिकवत. कॉलेजात असताना दादाने कुठूनशी एक जुनी गिटार आणली. एका संध्याकाळी तो ती वाजवत बसला असताना अण्णांनी विचारलं, ‘‘हे नक्की काय आहे?’’

‘‘थोडं जॅझसारखं आहे अण्णा. थोडं रॉक.’’

‘‘थोडं हे, थोडं ते, म्हणजे काहीच नाही. ज्याचं नाव सांगता येत नाही ते गाणं कसलं?’’

मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो. माझं हसणं दादाला अण्णांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं असावं, असं आता वाटतं. त्यानंतर तो आमच्यासमोर कधी वाजवायला बसला नाही. पुढे तो बँकेत लागला, गिटार माळ्यावर गेली. तबकड्या मात्र तो घेत राहिला. पगार झाला की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये त्याची फेरी ठरलेली. ते दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखा तो दिवसभर गप्प होता.

तर खोकी पुढ्यात घेऊन बसलो असताना पुतण्या मदतीला आला. ‘‘काका, सोपं आहे,’’ म्हणाला. ‘‘चाल ऐकायची. जॅझमध्ये ठेका झुलतो. मात्रेचे दोन भाग करताना पहिला लांब, दुसरा आखूड. रॉकमध्ये दोन्ही भाग सारखे आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ढोलाचा दणका. जॅझची गिटार गोल, स्वच्छ वाजते, रॉकची करकरते. आणि जॅझवाला गाण्याची चौकट घेऊन त्यावर स्वतःचं काही रचत जातो, आपल्या आलाप-तानांसारखं.’’

मी तीन नियम वहीत लिहून घेतले. संध्याकाळपर्यंत तिन्ही मोडले.

विजेची गिटार म्हणजे रॉक, अशी माझी समजूत. पण ती गाजवली चार्ली ख्रिश्चन या जॅझ वादकाने. १९३९ साली तो बेनी गुडमनच्या संचात आला आणि तोवर मागे बसून ठेका धरणारी गिटार क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलू लागली. १९४२ साली, अवघ्या २५ व्या वर्षी तो गेला. रॉकवाल्यांच्या हातातलं हत्यार असं जॅझच्या घरात वाढलेलं. उलट जिमी हेंड्रिक्स रॉकचा म्हणावा, तर तोही एकेका गाण्यात पाच-दहा मिनिटं जागच्या जागी नवं रचत बसतो. आणि झुलणाऱ्या ठेक्याचं म्हणाल, तर १९७० नंतरच्या कितीतरी जॅझ तबकड्यांत तो मुळी झुलतच नाही.

मग वाटलं, आपण कोण ठरवणारे? ज्यांचा हा धंदा आहे त्यांनी काय केलं ते पाहावं. जॉर्ज बेन्सन हा जॅझ गिटारवादक. त्याची १९७६ ची ‘ब्रीझिन’ ही तबकडी अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या जॅझच्या यादीत पहिली आली, पॉपच्या यादीतही पहिली आणि ‘आर अँड बी’ म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीतही पहिली. तीन याद्या, तबकडी एकच.

पॅट मथीनीची गोष्ट त्याहून गमतीची. त्याच्या गटाच्या ‘इमॅजिनरी डे’ या अल्बमला १९९९ साली ग्रॅमी पारितोषिक मिळालं ते आधुनिक जॅझसाठी. आणि त्याच अल्बममधल्या एका रचनेला त्याच वर्षी दुसरं ग्रॅमी मिळालं, ते रॉक वाद्यसंगीतासाठी! परीक्षकांनीच एक सीडी दोन खोक्यांत टाकली. मी मास्तर एकाच खोक्यात कशी टाकणार?

जॉन मॅक्लॉफ्लिनपुढे तर मी हातच टेकले. हा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, जन्म १९४२ चा. १९६९ मध्ये अमेरिकेला गेला आणि माइल्स डेव्हिस या जॅझमधल्या बड्या असामीबरोबर वाजवू लागला. डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’ या १९७० च्या अल्बममध्ये एका रचनेचं नावच ‘जॉन मॅक्लॉफ्लिन’ आहे. १९७१ मध्ये त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. आवाज रॉकचा, लयीचे हिशेब मात्र असे, की आपल्याकडचा तबलजीही कान टवकारील. आणि १९७५ च्या सुमारास सगळी वीज बंद करून हा मांडी घालून बसला आपल्या झाकीर हुसेनांसोबत, एल. शंकर यांच्या व्हायोलिनसोबत आणि विनायकराम यांच्या घटमसोबत. ते ‘शक्ती’. त्यासाठी त्याने खास गिटार बनवून घेतली. मुख्य तारांच्या खाली तरफा आणि पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, मींड घेता यावी म्हणून. या एकाच माणसाला २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं ते जॅझमधल्या उत्स्फूर्त वादनासाठी आणि २०२४ मध्ये ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला मिळालं ते जागतिक संगीताच्या विभागात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

सातव्या दिवशी हिशेब केला. जॅझचं खोकं निम्मं, रॉकचं निम्म्याहून कमी, आणि ‘इतर’चं खोकं ओसंडून वाहत होतं. अण्णांचे शब्द आठवले. म्हणजे दादा आयुष्यभर ‘काहीच नाही’ असं संगीत ऐकत बसला होता की काय?

त्या दिवशी पुतण्याने शिवणाचं मशीन बाजूला सरकवलं आणि तळचा कप्पा मोकळा झाला. त्यात सातच तबकड्या होत्या. डावीकडून पहिली बेनी गुडमनच्या संचाची, चार्ली ख्रिश्चन असलेली. मग वेस माँटगोमेरीची ‘अ डे इन द लाइफ’. मग बीटल्सची ‘सार्जंट पेपर’. मग जेफ बेकच्या दोन, ‘ब्लो बाय ब्लो’ आणि ‘वायर्ड’. मग महाविष्णूची ‘बर्ड्‌स ऑफ फायर’. शेवटी ‘शक्ती’.

‘‘दादालाही लावता आल्या नव्हत्या वाटतं,’’ मी म्हणालो. जॅझ, जॅझ, रॉक, रॉक, रॉक, मग कुणास ठाऊक काय! ना आडनावाने लावलेल्या, ना सालाने. पण मास्तरकीची सवय, म्हणून एकेक कव्हर उलटून मागची बारीक अक्षरं वाचत गेलो, आणि एकेक दुवा सापडत गेला. माँटगोमेरीला नोटेशन वाचता येत नसे. चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून ऐकून त्याने हात तयार केला आणि मग पट्टीऐवजी अंगठ्याने तार छेडायची स्वतःची रीत काढली. म्हणून पहिलीशेजारी दुसरी. ‘अ डे इन द लाइफ’ हे ‘सार्जंट पेपर’मधलं शेवटचं गाणं, दोन्ही तबकड्या १९६७ च्या. म्हणून तिसरी. ‘सार्जंट पेपर’चा निर्माता जॉर्ज मार्टिन, त्यानेच १९७५ मध्ये ‘ब्लो बाय ब्लो’ केली. म्हणून चौथी. ‘वायर्ड’ बेकचीच, पुढच्या वर्षीची. जेफ बेक हा रॉकचा माणूस, पण या तबकडीत तो चार्ल्स मिंगस या जॅझवाल्याची रचना वाजवतो. तिच्यात सिंथेसायझरवर आहे यान हामर, आणि हा हामर आधी होता महाविष्णू ऑर्केस्ट्रात. म्हणून सहावी. आणि महाविष्णूचा मॅक्लॉफ्लिन तोच ‘शक्ती’चा. म्हणून सातवी.

बेनी गुडमनपासून झाकीर हुसेनांपर्यंत सात तबकड्या, आणि मध्ये एकही दुवा तुटलेला नाही! दादाने संगीताचे प्रकार लावलेच नव्हते. सोयरिकी लावल्या होत्या. कोणी कोणाचं ऐकलं, कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोणाची चीज कोणाच्या घरी गेली.

आनंद झाला तो क्षणभरच. मग लक्षात आलं, की वरचे चारही कप्पे असेच लावलेले असणार. आणि ते मी पहिल्या दिवशीच आडनावांप्रमाणे मोडून ठेवले होते. तीनशेहून अधिक तबकड्यांतून दादाने वर्षानुवर्षं विणलेलं जाळं मी चार तासांत उसवलं होतं. पुतण्या आणि मी दोन रात्री बसलो. थोडे दुवे जुळले. बाकीचे जो जाणत होता तो घेऊन गेला.

त्या रात्री मला अण्णांच्या शिकवणीतला एक धडा आठवला. भातखंड्यांनी रागांचे दहा थाट केले, ही केवढी मोठी सोय. पण भूपात मध्यम नाही आणि निषादही नाही. कल्याण आणि बिलावल या थाटांमध्ये फरक काय तो मध्यमाचाच, तीव्र की शुद्ध. मग भूप कल्याणाचा कसा? त्यातून, नेमक्या त्याच पाच सुरांचा देसकार. आणि तो ठेवलाय बिलावलात! अण्णा म्हणत, सूर मोजून कळणार नाही, तो चालतो कसा ते बघ. भूप गंधारावर वजन देतो, देसकार धैवतावर. भूप संध्याकाळी पूर्वांगात रमतो, देसकार सकाळी उत्तरांगात. सूर तेच, पण कुठे थांबायचं, कोणाच्या आधाराने उभं राहायचं, यावर राग ठरतो.

अण्णांना हे पुरतं ठाऊक होतं. मलाही ते पाठ होतं. मग दादाच्या गिटारीला आम्ही दोघांनी सूर मोजायची फूटपट्टी का लावली? बेकने मिंगसची रचना वाजवली म्हणून तो जॅझचा होत नाही आणि मॅक्लॉफ्लिनची गिटार करकरली म्हणून तो रॉकचा होत नाही. त्या दिवशी, त्या संगतीत, तो कुठे थांबला ते ऐकायचं. नाव द्यायचंच असेल तर त्या दिवसाच्या वाजवण्याला द्यावं, माणसाला नव्हे.

ग्रंथालयात फोन केला. फोनवरचे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, ‘‘मास्तर, काहीतरी एक लिहा हो. रकाना रिकामा राहिला तर संगणक पुढे सरकत नाही.’’ त्यांचंही खरंच होतं. मागणाऱ्याला तबकडी सापडायची तर कुठलं तरी एक नाव हवंच. मी प्रत्येकीपुढे एकेक प्रकार लिहिला, आणि यादीला आणखी एक तक्ता जोडला. त्यात रकाना एकच : ‘कोणाबरोबर’. तो त्यांनी ठेवून घेतला आहे. कोणी उघडून पाहील, न पाहील.

तळच्या सात तबकड्या मात्र मी दिल्या नाहीत. त्या माझ्याकडे आहेत, दादाने लावलेल्या क्रमाने.

परवा वहिनी आल्या होत्या. ‘शक्ती’ लावली. व्हायोलिन आणि गिटारीची सवाल-जवाबासारखी झटापट सुरू झाली, खाली तबला आणि घटम. वहिनी बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘हे हे लावून बसायचे रोज. भाऊजी, याला म्हणायचं तरी काय?’’

‘‘नाव नाही सांगता येत, वहिनी,’’ मी म्हणालो. ‘‘पण कोण कोणाशेजारी बसलंय, ते सांगतो.’’