गड, गुहा, गोंदिया!

माहीत आहे का, महाराष्ट्रात किमान दोन प्रतापगड आहेत? साताऱ्याचा तर शाळेपासून पाठ. दुसरा गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात! इथे ना अफझलखान, ना वाघनखं. आहे ते जंगल, जुन्या गडाच्या खुणा, महादेवाचं ठाणं आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा. महाशिवरात्रीला इथे तोबा गर्दी. नवस कुठे बोलायचा? दोन्हीकडे बोला की!

त्याच टापूत, इटियाडोह धरणाच्या अंगाला, चक्क तिबेट! गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ची. एकीकडे धानाचे बांध, दुसरीकडे फडफडणाऱ्या रंगीत पताका. आणि वसाहतीच्या नावापुढे आजही 'भंडारा' लागतं! कारण तेव्हा गोंदिया जिल्हा होताच कुठे? तो भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ला. थेट महाराष्ट्र दिनी हॅपी बर्थडे!

आता नवेगावबांध. इथे जरा निवांत थांबा, कारण माझ्या मते जिल्ह्याचा खरा हिरो हाच.

एवढा अवाढव्य तलाव कुठल्या राजाने बांधला? राजाने नाही हो, पाटलाने! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी पाणी अडवलं. तलाव बांधावे ते कोहळ्यांनीच, अशी या समाजाची ख्याती. लोकांनी पुढे पाटलांचा 'कोलासूर देव' केला. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे 'सात बहिणी'. बांधकामाला त्यांनीही हात लावला म्हणे. इंजिनिअर एक, असिस्टंट सात!

इथलं राष्ट्रीय उद्यान १९७५चं. पक्षिवेडे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथेच रमले होते. पाखरं बघायची तर हिवाळ्यात, पहाटे, आणि तोंड बंद ठेवून. (रील नंतर टाका.)

माहीत आहे का, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच कोण? सारस! ताठ उभा राहिला की सहा फुटांच्या आसपास, म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघेल. महाराष्ट्रात त्याचा मुख्य मुक्काम गोंदियातच. घरटं कुठे? बरेचदा धानाच्या बांधीत. जोडपं एकमेकांना धरून राहतं आणि ड्युएटही गातं.

चढायची हौस आहे? मग सालेकसा तालुक्यातलं कचारगड गाठा. नावात गड, पण तट-बुरूज शोधू नका. इथे आहे प्रचंड नैसर्गिक गुहा. कोया पुनेम या गोंडी धर्माची ही पवित्र जागा. कथा अशी, की काली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती. त्यांना सोडवायला पहांदी पारी कुपार लिंगो, रायताड जंगो आणि वादक हिरासुका धावले. संगीताच्या बळावर दाराचा दगड हलला, मुलं सुटली; हिरासुका मात्र त्याच दगडाखाली गेला. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून गोंड बांधव इथे येतात. गुहेत आरडाओरडा नको, हे वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात गेलात तर दरेकसा स्टेशनच्या परिसरातला हाजरा फॉल सोडू नका. भिजायला तिकीट लागो न लागो, कपड्यांचा जादा जोड लागतोच.

'शोले' आवडतो? मग नागझिरा अभयारण्याला सलाम ठोका! इथल्या दोन वाघ भावांची नावं होती जय आणि वीरू. जय पुढे उमरेड-कऱ्हांडल्यात जाऊन सुपरस्टार झाला आणि २०१६मध्ये असा गायब झाला, की पुन्हा दिसलाच नाही. आणि किरण पुरंदरे? या पक्षिमित्राने नागझिऱ्यात ४०० दिवस काढले. आपला वन-डे पिकनिकवाल्यांचा नमस्कार!

पोहोचायचं कसं? कोल्हापूरकरांनो, तुमच्या दारातून थेट गाडी आहे: महाराष्ट्र एक्स्प्रेस. १३०० किलोमीटरहून जास्त धावते, पण राज्याची सीमा एकदाही ओलांडत नाही. मात्र रात्र गाडीतच जाते, तेव्हा 'डे ट्रिप' हा शब्द घरी जरा जपून वापरा!