सूर हलतो कशानं?

भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. मला मात्र राहून राहून वाटतं, त्या दिवशी ते यंत्र नीट फिरत होतं म्हणून बरं! वेग सहा टक्क्यांनी वाढला की काळी चारमध्ये गाणारा गवई पांढरी सहात जाऊन बसतो. तेही एक वेळ चालेल. पण वेग सतत कमीजास्त झाला, तर लांबवलेला षड्ज डुलू लागतो आणि दोष बिचाऱ्या गायकाच्या माथी येतो. कवितेत मात्रा ढळली तर कवीला बोल लावावा; इथं गाणारा निर्दोष असतो.

आमच्या राजोडीला समुद्र जवळ. खाऱ्या, दमट हवेत लोखंड गंजतं. माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर उतरवून, 'चाचा, गाणं डुलतंय बघा' म्हणत कोणी ना कोणी येतंच.

अशा वेळी आधी स्क्रू खोलू नये, ऐकावं. ३३⅓ वेगाच्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. डुलणं बरोबर दर फेऱ्याला येत असेल, तर आधी तबकडीच पाहावी : भोक मध्यावर नसतं किंवा ती वाकलेली असते. डुलणं त्याहून भरभर असेल, तर आतल्या रबरी चाकाकडे बघायचं. सुरुवातीला संथ आणि पंधरा मिनिटांनी ठीक? मग मोटरमधलं तेल घट्ट झालंय.

वेग मोजायला १८० रेघांची कागदी चकती पुरते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. वेग अचूक असला की तिच्या उजेडात रेघा जागच्या जागी थबकतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलईडी दिव्याखाली ही गंमत बहुधा दिसत नाही.

उपाय साधा आहे. प्लग काढून वरची थाळी उचलावी. रबरी चाक आणि ते घासतं ती थाळीची आतली कड स्पिरिटच्या फडक्यानं पुसावी. रॉकेल नको, रबर फुगतं. मोटरच्या बेअरिंगचं जुनं तेल पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. तो रबरावर पडला तर चाक घसरलंच म्हणून समजा. यंत्र वर्षानुवर्षं खटका ओढलेलाच ठेवून पडलं असेल, तर चाकाला खळगा पडतो. तिथं स्पिरिट काय करणार? चाकच बदलायचं. पट्ट्याच्या यंत्राला शिंप्याचं इलॅस्टिक लावणारे महाभागही मी पाहिलेत!

माझा चुलतभाऊ जेद्दाहून एक देखणा प्लेअर घेऊन आला. इथं प्रत्येक गायिकेचा आवाज पुरुषी. सौदीतली वीज ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज जुळलं तरी हर्ट्झ बदलत नाहीत, आणि तसली मोटर हर्ट्झवरच चालते. सहाच्या जागी पाच फेरे. मोटरच्या दांड्यावर सव्वापटीला थोडी कमी, म्हणजे सहा-पंचमांश जाडीची पुली बसवली, तेव्हा बायका पुन्हा बायकांच्या आवाजात गाऊ लागल्या.

अगदी जुन्या ७८च्या तबकड्यांचं मात्र निराळं आहे. त्या सगळ्या नेमक्या ७८वर मुद्रित झालेल्याच नाहीत. तिथं रेघांची चकती बाजूला ठेवून पेटी जवळ घ्यावी लागते.