जीवाणूंनी फोडायची गोळी

शाळेच्या प्रयोगशाळेतले मिथिल ऑरेंज आपल्या ओळखीचे आहे. त्याच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. याला ‘ॲझो’ बंध म्हणतात, आणि द्रावणाचा रंग येतो तो त्यामुळे. सल्फासालाझीन या औषधातही हाच बंध आहे. त्याची पूड नारिंगी-पिवळी असते, रुग्णाची लघवीही कधीकधी नारिंगी होते. मात्र औषधात या बंधाचे काम रंगाहून वेगळे आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. शौचावाटे रक्त जाते, दिवसातून अनेकदा घाईने उठावे लागते. लक्षणे आवेसारखी, पण मूळ जंतुसंसर्गात नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच आतड्यावर उलटलेली असते.

स्टॉकहोमच्या डॉक्टर नन्ना स्वार्ट्झ यांना सांधेदुखीवर औषध हवे होते. संधिवात जंतूंमुळे होतो अशी त्यांची समजूत होती. म्हणून जंतूंसाठी सल्फापिरिडीन आणि सुजेसाठी ॲस्पिरिनच्या कुळातले अमिनोसॅलिसिलिक आम्ल, असे दोन्ही एकाच रेणूत जोडले गेले. कोलायटिसच्या रुग्णांना त्याचा गुण आल्याचे त्यांनी 1942 साली प्रसिद्ध केले.

पण गुण कोणत्या अर्ध्याचा? याचे उत्तर मिळायला 1977 साल उजाडले. ऑक्सफर्डमध्ये आझाद खान (हे मूळचे आपल्या शेजारच्या बांगलादेशातले), पिरिस व ट्रूलव्ह यांनी एक साधी युक्ती केली. पूर्ण औषध आणि त्याचे दोन तुकडे त्यांनी वेगवेगळ्या रुग्णांना बस्तीने, थेट आतड्यातच दिले. अमिनोसॅलिसिलिक आम्ल पूर्ण औषधाइतकेच उपयोगी पडले, सल्फापिरिडीन मागे राहिले. मळमळ, डोकेदुखी, पुरुषांत शुक्रजंतू तात्पुरते घटणे हे त्रास मात्र बहुतांशी त्याचेच!

मग ते काढून का टाकू नये? कारण नुसते अमिनोसॅलिसिलिक आम्ल गिळले तर लहान आतड्यातच शोषले जाते. जोडलेला रेणू फारसा शोषला जात नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जीवाणू ॲझो बंध तोडतात. हमाल त्रासदायक खरा, पण त्याच्यावाचून माल पोचत नव्हता.

पुढे हमाल बदलला. मेसालाझीनच्या काही गोळ्यांवर असे आवरण असते की ते जठराच्या आम्लात टिकते आणि पीएच 7 च्या आसपास, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटाकडे, विरघळते. म्हणूनच अशी गोळी चावू किंवा कुटू नये. बरे वाटले तरी डॉक्टरांना न विचारता ती थांबवू नये, दुखणे उलटते. अधूनमधून मूत्रपिंडासाठी रक्त तपासावे लागते. आयबुप्रोफेनही सूज उतरवते, पण या आजारात ते उलट त्रास वाढवू शकते. दुखणे तीव्र असेल तर ही गोळी पुरत नाही, स्टेरॉइड किंवा आणखी जोरकस औषधे लागतात. क्रोन्सच्या आजारात तिचा उपयोग थोडाच.

हा आजार शाळकरी वयातही होतो. अशा मुलाला तासाला परवानगी मागत उभे राहणे जमत नाही. त्याला दाराजवळची जागा द्यावी आणि न विचारता उठण्याची मुभा आधीच देऊन ठेवावी.